नदीकाठचं जिओकॅशिंग : थंडीतल्या शंका

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांवरून जीपीएसने शोधायचा आणि आतल्या नोंदवहीत नोंद करायचा खेळ.

प्रश्न : जीपीएसवर डबीची जागा नदीच्या पात्रात दिसते. बर्फावरून जाऊन पाहू का?

नको, अजिबात नको. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस चार-पाच मीटर चुकतं. कड्याजवळ किंवा पुलाखाली सिग्नल आपटून येतो आणि चूक वाढते. डबी बहुधा काठावरच असते. तळ्यावरच्या निर्मळ बर्फासाठी 10 सेंटिमीटर जाडीचा जो ठोकताळा सांगतात, तो नदीला लागू नाही. प्रवाह बर्फाला खालून झिजवत राहतो. वळणावर, पुलाच्या खांबांभोवती, ओढा येऊन मिळतो तिथे दोन पावलांतच जाडी बदलते. त्यापेक्षा आकडे पुन्हा तपासा. अक्षांशाच्या मिनिटातला दुसरा दशांश अंक एकाने चुकला, तरी जागा 18 मीटरहून जास्त सरकते.

प्रश्न : झाकण गोठून बसलंय. काय करावं?

पिळू नका, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू तर मुळीच नका. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं. डबी हातमोज्यात धरून पाच-दहा मिनिटं ऊब द्या. उघडल्यावर रबराच्या कडेवरचे बर्फाचे कण पुसा. एक कण राहिला तरी झाकण नीट बसत नाही आणि बर्फ वितळला की नोंदवहीचा लगदा होतो. नोंद पेन्सिलीनेच करा, बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते.

प्रश्न : फोन 30 टक्के चार्ज असताना बंद पडतो.

थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज कोसळतं. फोन आतल्या खिशात ठेवा, ऊब मिळाली की सहसा चालू होतो. शून्याखालच्या तापमानात चार्जिंग टाळा. वेगळं जीपीएस यंत्र असेल तर त्यात लिथियमचे पेन्सिल सेल घाला.

प्रश्न : काठावर स्वतः डबी लपवायची आहे.

आधी जागामालकाची परवानगी घ्या. मग झुडपांत अडकलेल्या गवताच्या जटा बघा. पूर तिथवर येतो. डबी त्या रेषेच्या बरीच वर ठेवा. जिओकॅशिंग डॉट कॉमवर शेजारच्या डबीपासून 161 मीटर अंतर लागतं आणि जमिनीत पुरण्यासाठी मालकाची स्पष्ट परवानगी लागते. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्या नकोत. त्यांत पाणी शिरतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि डबी तडकते. रबरी कडेचा, चारी बाजूंनी कुलपासारखा बसणारा डबा घ्या. जागेचे अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा मोजून सरासरी काढा. ताजं बर्फ पडलेलं असताना मात्र लपवायला जाऊ नका, तुमच्या पावलांचे ठसे कुणालाही थेट डबीपर्यंत नेतील.