‘कल्पित’ या शब्दाविषयी एका नव्या कथालेखकास पत्र

अमळनेर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली आणि तिच्यासोबतचे पत्र त्याहून जास्त वेळा. मामांनी बैलजोडी विकली त्या दिवसावर तू लिहिलेस, ते ऐकून मामा म्हणाले, “मी काही गोठ्यात बसून रडलो नव्हतो, हे सगळं खोटं आहे.” आता कथेच्या वर ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी ओळ घालावी का, असे तू विचारतोस. ओळीचे नंतर पाहू. तुझ्या पत्रात ‘काल्पनिक’ आणि ‘खोटे’ हे शब्द एकमेकांच्या जागी येऊन बसले आहेत, त्याची मला अधिक काळजी वाटते.

‘कल्पना’ हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ जुळणे, योग्य होणे, सिद्ध होणे असा आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात हत्तीला सजवून सज्ज करण्यालाही ‘कल्पना’ म्हटले आहे. पोळ्याच्या सकाळी मामांच्याच अंगणात शिंगांना रंग लागताना आणि पाठीवर झूल चढताना तू हे पाहिलेले आहेस. बैल तोच असतो, पण गावासमोर उभा राहण्याजोगा होतो. कल्पिणे म्हणजे असे जुळवणे. ‘कपोलकल्पित’ हा शब्द मात्र वेगळ्या तिखटपणाने येतो, कारण कपोल म्हणजे गाल, आणि ज्याला गालाबाहेर कुठलाच आधार नाही अशा बोलण्याला आपण तो लावतो. तुझी कथा त्या जातीची नाही.

त्याच अमरकोशात दोन व्याख्या जवळजवळ आहेत: ‘आख्यायिकोपलब्धार्था’ आणि ‘प्रबन्धकल्पना कथा’. जिचा विषय आधीच उपलब्ध, म्हणजे ठाऊक असलेला, ती आख्यायिका. जिची रचना कल्पनेने केली, ती कथा. सातव्या शतकातल्या बाणभट्टाने दोन्ही लिहिल्या. आपला आश्रयदाता राजा हर्ष याच्यावरचे ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा. कादंबरी हे त्या कथेतल्या नायिकेचे नाव. तेच पुढे मराठीत आणि कानडीत एका संपूर्ण साहित्यप्रकाराचे नाव झाले, तर आपल्या नंदुरबारच्या पलीकडे गुजरातीत त्याच प्रकाराला नवलकथा म्हणतात. एका कल्पित मुलीचे नाव इतकी शतके घरोघर नांदावे, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

आता मराठीने काय केले ते पाहा. ‘अशी आख्यायिका आहे’ असे आपण नेमके तेव्हा म्हणतो, जेव्हा गोष्ट घडली की नाही याची खात्री नसते. ठाऊक असलेल्या विषयाचा शब्द खात्री नसलेल्या विषयाकडे गेला. काव्यशास्त्रकार दंडीने तर कथा आणि आख्यायिका ही एकाच जातीची दोन नावे आहेत, असे फार पूर्वी म्हणून ठेवले होते. आणि आपला रोजचा शब्द ‘गोष्ट’ घे. तो ‘गोष्ठी’पासून, म्हणजे चार माणसे जमून बोलण्यापासून आला. आजी सांगायची तीही गोष्ट आणि ‘ही गोष्ट खरी आहे’ म्हणतो तीही गोष्ट. रात्री ओट्यावर ऐकणाऱ्यांना ती कोणती, हे सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळत असे.

म्हणून मी शब्दांच्या अर्थाइतकेच दाव्याकडे पाहतो. इतिहासाचार्य राजवाडे, ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे, त्यांनी बखरींतला मजकूर अस्सल कागदांशी ताडून पाहिला आणि त्यातल्या चुका कठोरपणे दाखवल्या. ते योग्यच होते, कारण बखर ‘असे घडले’ म्हणून सांगते. कथा तो दावा करत नाही, म्हणून तिला ती कसोटी लावायची नसते.

हे मी फार महागात शिकलो. तरुणपणी एका स्मरणिकेत मी आमच्या दिवंगत शिक्षकांवर लेख लिहिला आणि त्यांचे शेवटचे शब्द म्हणून एक सुंदर वाक्य त्यांच्या तोंडी घातले. त्यांच्या मुलीने मला विचारले, “बाबांचा आवाज आठ दिवस बंद होता. हे तुम्हाला कोणी सांगितलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेच वाक्य कथेत आले असते तर कल्पित ठरले असते. आठवणींच्या लेखात ते खोटे होते. मी तिची माफी मागितली, पण छापलेले परत घेता आले नाही.

तुझ्या कथेत खरा दोष आहे तो निराळाच. तिसऱ्या पानावर आषाढात कापूस वेचणाऱ्या बाया आहेत. आषाढात आपल्याकडे कपाशीचे रोप वीतभर असते. बोंड फुटून वेचणी लागायला दसरा-दिवाळी उजाडते. ही कल्पना नव्हे, ही चूक आहे, आणि खानदेशातला वाचक तिथेच तुझा हात सोडेल. मामांचे अश्रू तू जुळवू शकतोस, कपाशीचा हंगाम नाही. उलट, बैलांचे दावे सोडल्यावरही मामा रिकाम्या गव्हाणीत सवयीने कडब्याची पेंढी टाकतात आणि मग ती उचलायला वाकतात, हे तू लिहिलेस ते मी पुन्हा पुन्हा वाचले. ते तू पाहिलेस की कल्पिलेस, मी विचारणार नाही. तिथे रडण्याची गरजही मला वाटली नाही.

तरीही मामांचे म्हणणे हलके समजू नकोस. गावाला ठाऊक आहे की जोडी कोणाची होती, कर्ज किती होते. आपल्याच अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचे नाव पांडुरंग होते; १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या तेव्हा मुलाचे नाव श्याम ठेवले. जवळचे लिहायचे, तर असे एक अंतर लागते. तू गाव बदल, मामाच्या जागी दूरचा चुलता आण, कर्जाचा आकडा काढून टाक. एवढे न करता वर ‘काल्पनिक’ लिहिलेस, तर ती ओळ मामांना आणखी दुखावेल, कारण बैल तर खरेच गेले आहेत. एवढे केलेस, तर मासिकात ‘कथा’ हा शब्द असतोच, तो पुरेसा आहे.

हस्तलिखित सोबत परत पाठवत आहे. पेन्सिलीच्या खुणा आहेत त्या जागा पाहा, वेचणी दिवाळीपुढे ने, आणि नवा खर्डा माझ्याकडे पाठवण्याआधी मामांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
सर