पराटीचं गाणं, तिफणीचं चित्र

वाचक विचारतात

या वेळी विदर्भातल्या गावांमधून चार पत्रं आली. चौघेही आपापल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चच्या समुदायात; चर्चला इथं देऊळच म्हणतात) गाणं, चित्र किंवा वादन यांच्याशी जोडलेले आहेत, आणि चौघांचा प्रश्न एकाच ठिकाणी अडला आहे: कलेचं काम आणि विश्वास यांची सांगड कशी घालायची?

सप्रेम सलाम. कापणीच्या सणासाठी मी वऱ्हाडीत गीत लिहिलं. पहिलं कडवं असं आहे: ‘पराटीले अळी । तुरीले रे धुई । उलली रे भुई । सांगू कोना ॥’ (पराटी म्हणजे कपाशी, धुई म्हणजे धुकं, उलली म्हणजे तडकली.) मंडळीतले वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) म्हणतात, ही देवळातली भाषा नव्हे आणि सणाच्या दिवशी रडगाणं नको. गावं की नाही?
— एक वाचक, ता. दर्यापूर

गा. फक्त त्याआधी दोन जागा दुरुस्त करा.

आधी रडगाण्याचं बघू. वडिलांसमोर बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय उघडा आणि सतरावं वचन मोठ्यानं वाचा. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून बुडाला, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एका वचनात सहा नुकसानं! अध्याय संपतो तिथं मुख्य गवयासाठी तंतुवाद्यांची सूचना आहे, म्हणजे हे सगळं गाण्यासाठीच लिहिलेलं आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, आणि ८८वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं. ज्या वर्षी बोंडअळीनं पराटी खाल्ली, त्या वर्षी नुसतं ‘भरभरून दिलंस’ एवढंच गायलं, तर मंडळीतला कास्तकार ओठ हलवेल, गाणार नाही.

भाषेचं म्हणाल, तर फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज, पण गोव्यात बसून त्यांनी ख्रिस्तपुराण रचलं ते मराठी ओवीत. ते १६१६ साली छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर वारकऱ्यांचा अभंग सोडला नाही, उलट त्यातच ख्रिस्ताची भजनं लिहिली, आणि आज तीच ‘देवळातली भाषा’ झाली आहे. वऱ्हाडीनंही तशी जागा मागितली तर त्यात गैर काही नाही.

आता दुरुस्ती. तुम्ही मोठा अभंग धरला आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मोजणी बरोबर आहे, ‘धुई–भुई’ही पक्कं आहे. पण दोन्ही ‘रे’ भरतीचे आहेत. सहावं अक्षर कमी पडलं की ‘रे’, ‘गा’, ‘हो’ आत शिरतात, आणि गाताना नेमके तेच लांबतात. असं करून बघा:

पराटीले अळी । तुरीवर धुई ।
उललेली भुई । सांगू कोना ॥

अक्षरं तेवढीच राहिली, पण आता प्रत्येक अक्षर काही सांगतं. ‘सांगू कोना’ला हात लावू नका, सगळं कडवं त्याच्यावर उभं आहे. ‘अळी’ तशीच लिहा. गाणारे आपापल्या गावाप्रमाणे ‘अयी’ म्हणतील. पण पुढच्या कडव्यात तुम्ही ‘डोये’ लिहिलंय. एकाच कागदावर ळ आणि य दोन्ही नकोत, नाहीतर वाचणारा अडखळतो.

तुमचं दुसरं कडवं लगेच ‘तारण’ आणि ‘अनंत कृपा’ यांवर उडी मारतं. पराटीच्या शेजारी हे शब्द उपरे वाटतात, आणि सांत्वन इतक्या घाईनं आलं की ते खोटं ऐकू येतं. हबक्कूक सहा नुकसानं पूर्ण मोजतो, मगच ‘तरी’ म्हणतो. तुम्हीही निदान दोन कडवी नुकसानाला द्या: बाजारभाव, सावकार, रिकामा कोठा, जे खरं असेल ते. तिसरं कडवं ‘तरी’नं सुरू करा आणि त्यातही घरातलेच शब्द ठेवा.

चाल सा पासून वरच्या सा पर्यंतच ठेवा. त्याच्या वर गेलात तर मागच्या बाकांवरचे पुरुष गप्प होतात. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो आणि सहा अक्षरांचा चरण त्यात शेवटचं अक्षर लांबवून बसतो. पहिल्या रविवारी एकट्यानं दोनदा म्हणा, मग ओळ-ओळ मंडळीकडून म्हणवून घ्या. पेटी हळू ठेवा. नवं गीत बिघडतं ते बहुतेक वेळा लयीच्या घाईनं.

देवळाच्या पुढच्या भिंतीवर येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला काढायचा आहे. मागं ऑइलपेंटनं काढलेलं चित्र पावसाळ्यात फुगून पापुद्रे गळाले. पेरणारा आमच्यासारखा, धोतर-बंडीतला, तिफणीमागं (नळ्यांतून बी पेरायचं औत) चालणारा दाखवला तर चालेल का? काही जण मूर्तीची आज्ञाही पुढं करतात.
— एक चित्रकार, जि. यवतमाळ

धोतर-बंडी जरूर, तिफण मात्र नको. दाखल्यात बी वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं, कारण पेरणारा मुठीनं फेकत चालला आहे. तिफणीच्या नळ्यांतून बी सरळ तासात जातं, वाटेवर पडणार कसं? तिफण काढलीत की दाखला तिथंच मोडतो, आणि हे तुमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांच्याच सगळ्यांत आधी लक्षात येईल. भंडारा-गोंदियाकडं धानाचं बी मुठीनं फेकून आवत्या करतात तसा हात काढा: काखेला ओटी, उजवा हात मागून पुढं येताना उघडलेला. खडकाळ जागेसाठी आपला मुरूम आहे, काट्यांसाठी बोरी-बाभळी आहेत. स्थानिक रंग द्यायचा तो असा, गोष्टीच्या सांध्याला धक्का न लावता.

आता भिंत. ऑइलपेंट फुगला कारण ओल आत होती आणि रंगानं तिची बाहेरची वाट बंद केली. पाणी कुठून येतं ते आधी शोधा. बाहेरून भिंतीला माती चढली असेल तर ती देवळातल्या फरशीच्या निदान अर्धा फूट खाली उतरवा, पन्हाळीचं पाणी लांब सोडा. हे न करता वर काहीही लावलंत तरी पुढच्या भादव्यात तेच होईल.

मग जुना रंग आणि सिमेंटचा गिलावा खरवडून विटा उघड्या करा आणि एक उन्हाळाभर तशाच राहू द्या. पांढरा लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. दिवाळीनंतर एक भाग चुना, तीन भाग धुतलेली रेती असा गिलावा दोन थरांत करा आणि आठवडाभर गोणपाटानं ओलसर ठेवा. मे महिन्यात हे काम काढू नका. पंचेचाळीस अंशांत चुना मुरायच्या आत वाळतो आणि हात लावला की पीठ निघतं.

महिन्यानं, भिंत ओली करून, दुधाइतक्या पातळ चुन्याचे तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस सोडा. रंगासाठी गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी आणि नीळ, रात्रभर भिजवून. कोरड्या रंगाचं वजन चुन्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर रंग भिंत धरत नाही. हळद वापरू नका, चुन्यात ती लाल होते (कुंकू असंच बनतं) आणि उन्हानं उडते. ओला रंग फार गडद दिसतो, म्हणून कोपऱ्यात तळहाताएवढा ठिपका देऊन दोन दिवसांनी बघा, मगच ठरवा. चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा.

आज्ञेबद्दल थोडक्यात. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मूर्तीला नमन करायला मनाई आहे, आणि पंचविसाव्यात तोच देव सोन्याचे करूब (पंखांचे स्वर्गीय जीव) घडवायला सांगतो. मोशेकडून पितळी सापही त्यानंच करवला. पण लोक त्याच्यापुढं धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडला. म्हणून शंका घेणाऱ्यांना उडवून लावू नका. चित्रापुढं उदबत्ती-हार येणार नाहीत, हे मंडळीनं आधीच ठरवावं. पेरणाऱ्याचा चेहरा बाजूनं, कामात गुंतलेला काढलात तर ती भीती बरीच कमी होते.

आमची तरुण मुलं सिनेमाच्या चालींवर ख्रिस्ती गीतं बसवून मोबाइलवर टाकतात. चालतं का?
— एक पाळक, ता. अचलपूर

खऱ्या धार्मिक विधीत गायलं तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. ध्वनिमुद्रण करून सगळ्यांसाठी टाकणं मात्र वेगळं, त्याला परवानगी लागते. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत, पण त्यांना कुणी अलीकडं चाल लावली असेल तर ती चाल मोकळी नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी सिनेमाची चाल आपले शब्द सोबत घेऊन येते. प्रार्थनेच्या मधोमध ऐकणाऱ्याच्या डोक्यात नायिका नाचते. मुलांना आजीकडं बसवून जात्यावरच्या ओवीची चाल शिकू द्या. ती कुणाच्या मालकीची नाही, आणि चार स्वरांत मावते.

वीस वर्षं ढोलकी वाजवतो. मानधनाचं विचारलं तर म्हणतात, ‘देवाची सेवा आहे.’ विचारणं चूक आहे का?
— एक वादक, जि. अमरावती

चूक नाही. बायबलमधल्या नहेम्याच्या तेराव्या अध्यायात लेवी (मंदिराची सेवा करणारे) आणि गायक आपापल्या शेतांवर निघून गेले, कारण त्यांचे वाटे दिले गेले नव्हते. नहेम्यानं दोष दिला तो अधिकाऱ्यांना, गायकांना नव्हे. आणि निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलला देवानं आत्म्यानं भरलं ते कुशल कारागिरीसाठी. त्या कौशल्यामागं वेळ जातो, आणि शेतमजुरी करणाऱ्याचा वेळ म्हणजे बुडालेला रोज.

मंडळीजवळ पैसा नसेल, तर हे वडिलांच्या सभेत मांडा: सरावासाठी बुडालेल्या दिवसाची मजुरी नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टरपुरती तरी द्यावी, आणि ढोलकीचं पान, शाई, दोरी, पेटीचा भाता यांचा खर्च वादकाच्या खिशातून न जाता मंडळीच्या वार्षिक हिशेबात लिहिला जावा.