त्रास नाही, मग लेझर कशाला?

प्रश्न: मुलाचा (वय 19) चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर रेटिनावर (डोळ्याच्या आतल्या पडद्यावर) रक्तवाहिन्यांची गाठ निघाली, कॅन्सर नाही म्हणाले पण लेझर करा म्हणतात. त्याला तर नीट दिसतंय!

उत्तर: ताई, नीट दिसतंय तोवरच करायचं असतं हो. ही गाठ लालसर मण्यासारखी असते, तिच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या शिरा फुगून नागमोडी होतात आणि ती पाझरायला लागली की पडदा सुजतो, कधी सुटतोही, मग गेलेली नजर आणणं अवघड. दीड मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला बहुतेकदा लेझर पुरतो (दोन-तीन सिटिंग लागू शकतात), मोठीला क्रायो, म्हणजे गोठवणं. आणि व्हीएचएल (फॉन हिप्पेल-लिंडाऊ) या आनुवंशिक आजाराची जीन टेस्ट विचाराच, त्यात मेंदूत, किडनीतही गाठी होतात. भावंडांचेही डोळे थेंब घालून तपासून घ्या.