मुका मार आणि आतला रक्तस्राव

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय 22) दहीहंडीच्या सरावात तिसऱ्या थरावरून पडला आणि एका गोविंदाचा गुडघा त्याच्या डाव्या बरगड्यांखाली बसला. त्या रात्री सोनोग्राफी नॉर्मल आली, हिमोग्लोबिन 13.4 होते, म्हणून त्याला घरी सोडले. कार्डावर रक्तदाब 118/76 आणि नाडी 112 अशी नोंद आहे. पाचव्या दिवशी त्याला घेरी आली. सीटी स्कॅनमध्ये प्लीहेच्या (डाव्या बरगड्यांखालच्या पाणथरीच्या) धमनीतून रक्तस्राव दिसला आणि तो जांघेतून नळी घालून थांबवण्यात आला. आधी चूक झाली का? पुढे काय जपावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : सोनोग्राफी चुकली असे मी म्हणणार नाही. अपघातानंतरची तातडीची सोनोग्राफी पोटात रक्त साचले आहे का, एवढेच मुख्यतः पाहते. धमनीच्या भिंतीला तडा जाऊन तेथे लहानसा फुगा धरला असेल आणि तो अजून फुटला नसेल, तर ती तो सहसा दाखवत नाही. हिमोग्लोबिनही सुरुवातीला फसवते, कारण रक्त वाहून गेले तरी उरलेल्या रक्ताची दाटी तीच असते आणि शरीरातले पाणी रक्तात उतरून ते पातळ होईपर्यंत आकडा खाली येत नाही. मला खटकते ती 112 ची नाडी. प्रौढाच्या सुमारे 5 लिटर रक्तापैकी लिटरभर गेले तरी तरुण माणसाचा रक्तदाब टिकून राहू शकतो. वाढते ती नाडी. ती वेदनेनेही वाढते, हे खरे; पण एवढा मुका मार लागलेल्या रुग्णाला त्या रात्री ठेवून घेऊन पुन्हापुन्हा तपासायला हवे होते.

सीटी स्कॅनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात पांढऱ्या उठून दिसाव्यात यासाठीचे औषध, देतात. धमन्या भरलेल्या असताना दिसणारा पांढरा ठिपका पुढच्या चित्रात पसरला, तर रक्तस्राव चालू आहे. धमन्यांबरोबरच फिका झाला, तर तो फुगा. मग नळीतून धातूची कॉइल सोडून ती धमनी बंद करतात. जठराकडून येणाऱ्या छोट्या रक्तवाहिन्यांमुळे प्लीहा बहुधा जगते. रक्त देऊनही रक्तदाब सावरत नसेल, तर मात्र थेट शस्त्रक्रियाच करावी लागते.

निदान तीन महिने थर नकोत, आणि अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. न्यूमोकॉकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) लस लागेल का, हेही त्यांनाच विचारा. ताप, घेरी, पोटात वाढते दुखणे किंवा मार नसताना डाव्या खांद्यात कळ आल्यास सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.