छत्तीस घरं

“ताई, माझं सिबिल खराब आहे. मला आता नोकरी मिळणारच नाही ना?”

सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याच्या नोंदींचा रिपोर्ट आणि त्यावरून ठरणारा स्कोअर. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न घेऊन येणारी मुलं वाढली आहेत. बहुतेक जण बँकेच्या परीक्षा देणारे. पूर्वी ही मुलं मुलाखतीच्या धास्तीने यायची, आता निवड झाल्यावर येतात, कागदपत्रांच्या तपासणीच्या आधी. म्हणून त्यांच्यापैकी एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी सव्वीस वर्षांची. सरकारी बँकेत क्लार्क म्हणून निवड झालेली, घरी पेढे वाटून झालेले. आणि ही बारा दिवस धड झोपलेली नव्हती.

“दादाच्या दुकानासाठी माझ्या नावावर कर्ज काढलं होतं. त्याचे हप्ते थकलेत. आता बँक रिपोर्ट बघणार.”

“तू बघितलास?”

तिने मान हलवली. नाही.

“बघून काय करू, ताई? मी कर्जबुडवी आहे हे मला माहीतच आहे.”

तो शब्द मी वहीत लिहून ठेवला. मी समुपदेशक म्हणून विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. माणूस घटनेने जेवढा कोसळतो, त्याहून जास्त तो त्या घटनेला दिलेल्या नावाने कोसळतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. पण त्या नावाला हात घालण्याआधी वस्तुस्थिती समोर मांडावी लागते. खोटा धीर दिला की माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

वस्तुस्थिती अशी की तिची भीती निराधार नव्हती. सरकारी बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अलीकडच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं की, रुजू होताना उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला असावा आणि किमान स्कोअर त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे ठरेल. स्टेट बँकेच्या जाहिरातींतही कर्जफेडीबद्दल अट असते. या अटीखाली रद्द झालेली एक नियुक्ती जून २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर आली. जाहिरात निघण्याआधीच आपण कर्ज फेडलं होतं, असं उमेदवाराचं म्हणणं होतं, तरी न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. जे लोकांचा पैसा हाताळणार, त्यांच्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा ठेवणं गैर नाही, असा त्यामागचा विचार. मी तिला हे सगळं सांगितलं. “काही होणार नाही” असं एकदाही म्हटलं नाही.

पण आम्ही तिच्या परीक्षेच्या जाहिरातीतलं ते कलम दोघींनी मिळून सावकाश वाचलं, तेव्हा एक गोष्ट दिसली. थकबाकीची नोंद दिसत असेल तर ती रुजू होण्याआधी दुरुस्त करून आणा, किंवा काही देणं बाकी नाही असं कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र आणा, नाहीतर नियुक्तीपत्र मागे घेतलं जाऊ शकतं, असं तिथे लिहिलं होतं. तिच्या डोक्यात फक्त शेवटचे शब्द बसले होते. आधीची वाट तिने वाचलीच नव्हती. घाबरलेला माणूस असाच वाचतो.

तिसऱ्या भेटीला ती रिपोर्ट छापून घेऊन आली. चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला. इथे जरा थांबून सांगते, कारण हे दर वेळी सांगावं लागतं. आपला रिपोर्ट आपण बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. देशात अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. ज्याने कधी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलंच नाही, त्याचा स्कोअर तयारच झालेला नसतो, तो बिघडलेला नसतो.

या रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची घरं असतात, जास्तीत जास्त छत्तीस. हप्ता वेळेवर भरला असेल तर त्या घरात शून्यं, उशीर झाला असेल तर किती दिवस उशीर झाला तो आकडा. मी तिच्या हातात पेन्सिल दिली.

“जुन्या महिन्यापासून मोठ्याने वाच. प्रत्येक घरावर ठिपका दे.”

आधी तिचं शैक्षणिक कर्ज घेतलं. शून्य. शून्य. शून्य. छत्तीसच्या छत्तीस.

“हे हप्ते कोणी भरले?”

“मी. शिकवण्या घेऊन.”

मग दुकानाचं कर्ज. पुन्हा शून्यं, एकतीस घरं. बत्तिसाव्या घरापाशी तिचा आवाज बसला. “तीस.” मग साठ. मग नव्वद. शेवटची दोन घरं तिने वाचली नाहीत, नुसते ठिपके दिले.

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

“पाच आहेत, ताई,” ती म्हणाली.

“हो, पाच आहेत. आणि ठिपके एकूण किती?”

“बहात्तर.”

“यातलं कर्जबुडवीचं घर कुठलं?”

ती कागदाकडे बघत राहिली. मग रडली. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाली, “साठवर असताना फोन उचलला असता तर पुढची तीन घरं भरली नसती.”

त्या क्षणी मला माझ्या कामाबद्दल काहीतरी नव्याने कळलं. लाज माणसाला जबाबदार बनवते, असं आपण मानतो. इथे तर लाजेनेच नुकसान वाढवलं होतं. वसुलीचा फोन आला की ती तो बंद करून ठेवायची. बँकेची पत्रं न उघडता कपाटात साड्यांखाली पडली होती. दादाला वाईट वाटेल म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. पहिले दोन हप्ते दुकान मंदावल्यामुळे थकले होते. पुढचे तीन लाजेमुळे.

घरी काय बोलायचं त्याचा सराव आम्ही खोलीत केला. “दादा, हप्ते तुझ्या दुकानाचे आहेत, पण नोंद माझ्या नावावर होतेय.” एवढंच वाक्य. दादाला याचा नोकरीशी संबंध असतो हेच ठाऊक नव्हतं. त्याने आठवड्याभरात पैसे उभे केले.

याच दरम्यान वसुलीवाल्याने “अर्ध्यात मिटवू” असा प्रस्ताव दिला होता. मोह होता. पण असं खातं रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, म्हणजे पूर्ण रक्कम फेडली नाही हे तिथे लिहिलेलं राहतं. ज्याला शक्य आहे त्याने पूर्ण भरावं, खातं ‘क्लोज्ड’ करून घ्यावं आणि पत्र सही-शिक्क्यासह हातात घ्यावं. जानेवारी २०२५पासून संस्थांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, तरी नोंद बदलायला काही दिवस जातात. तोवर ते पत्रच कामी येतं. नोंदच चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि “पैसे द्या, स्कोअर वाढवून देतो” म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही.

सगळ्यांच्या बाबतीत शेवट असा होत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं नियुक्तीपत्र मागे घेतलं गेलं. त्याने आधी कर्ज फेडलं आणि मग जिथे ही अट नाही अशा पदांची तयारी सुरू केली. बहुतेक नोकऱ्यांत हा रिपोर्ट मागत नाहीत. बँका आणि वित्तसंस्थांत मात्र तो विचारला जाणार हे धरूनच, अर्ज भरायच्या आधी तो उघडा.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने तिला विचारलं, “हे काय आहे?”

ती म्हणाली, “पाच हप्ते थकले होते, सर. पूर्ण भरलेत. हे पत्र.”

त्याने पत्र वाचलं, फाइलला लावलं आणि पुढचा कागद मागितला.