फाळका काढून पिकअप लांब पल्ल्याला न्यावी का?

"पिकअपचा मागचा फाळका काढून देवगडहून पुण्याला माल नेला तर मायलेज वाढतं का? काही अडचण येते का?" असं तुम्ही विचारलंय.

नेऊ नका. मी नेलाय, म्हणून सांगतोय.

एप्रिलचे दिवस होते. फाळक्याची, म्हणजे माल ठेवायच्या हौद्याच्या मागच्या दाराची, बिजागरी तुटलेली आणि वेल्डिंगवाला म्हणाला, उद्या या. इकडे आंब्याच्या पेट्या भरून तयार, सकाळी पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात पोचायचं होतं. गाडीत माझा चुलतभाऊ भागीदार. तो म्हणाला, "फाळको कित्याक होयो? दोरी मारली की झाला." वर त्याचा हिशोब असा, की मागे वारा अडणार नाही, डिझेल वाचेल आणि पेट्यांची एक रांग जास्त बसेल. ती रांग आम्ही बसवली. हौद्याच्या काठाबाहेर वीतभर आली होती.

संध्याकाळी निघालो. नांदगाव, फोंडा सुखरूप गेलं आणि घाट लागला. चढाला हौदा मागे कलतो हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं, पण भरलेल्या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे आधीच दबलेले असतात आणि तो कल आणखी वाढतो, हे त्या दिवशी लक्षात आलं. खाली गुळगुळीत पत्रा. एका वळणावर समोरून एसटी आली, मी थांबलो. पहिल्या गिअरला क्लच सोडला आणि त्या झटक्याने शेवटची रांग सरकली. नायलॉनची दोरी पेटीच्या कोपऱ्यावर घासून तुटली. 11 पेट्या रस्त्यावर.

मागे मोटारसायकलवर नवरा-बायको होते, मध्ये लहान पोर. पहिली पेटी त्यांच्यापुढे दोन हातांवर फुटली. त्याने ब्रेक मारला, चाक आंब्यांवरून घसरलं आणि गाडी आडवी झाली. वेग नव्हता म्हणून खरचटण्यावर भागलं. ती बाई स्वतः उठायच्या आधी पोराचं डोकं चाचपत होती. मी खाली उतरलो तर माझे पाय कापत होते. आंब्याचं नुकसान मी केव्हाच विसरलो, ते चाचपणारे हात नाही विसरलो.

चुलतभाऊ आजही चारचौघांत म्हणतो, "दोरी तूच बांधलंस मा?" हो, मीच बांधली आणि नीट बांधली. दोरीचं काम माल खाली दाबून धरायचं. माल मागे जाताना अडवायचं काम फाळक्याचं. खड्ड्याखड्ड्याला पेट्या बसतात, आंब्याभोवतीचं गवत दबतं, आणि घट्ट बांधलेली दोरी पन्नास किलोमीटरवर सैल होते. म्हणून दोरी कोणी बांधली हा वादच मला मान्य नाही. फाळका कोणी नको म्हटलं, ते विचारा.

मायलेजचं म्हणाल तर माल फाळक्याच्या वर रचलेला आणि ताडपत्री मारलेली असेल, तर वारा तुमच्या फाळक्यापर्यंत पोचतच नाही. तो अडतो केबिनवर आणि मालावर. रिकाम्या गाडीतही फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकून जातो, त्यामुळे काढून फायदा होईलच असं नाही. राहिलं फाळक्याचं वजन. दीड टन माल वाहणाऱ्या गाडीला त्याचं काय?

शिवाय बाजूच्या पत्र्यांना मागून धरून ठेवतो तो फाळकाच. तो नसला की ते थडथडतात, आणि मागच्या चाकांची धूळ उलटी फिरून शेवटच्या पेट्यांवर बसते. माल काठाबाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार, कलम 194 (1अ) खाली, 20,000 रुपये दंड आहे. माल उतरवायचा खर्चही तुमच्याच माथी.

गाडी पूर्ण रिकामी असेल, सपाट रस्ता असेल आणि गॅरेजपर्यंतच न्यायची असेल, तर फाळक्याशिवाय न्यायला हरकत नाही. अवजड एकसंध वस्तू असेल तर रॅचेटचा, म्हणजे दांड्याने आवळायचा, पट्टा लावून जवळपास नेता येईल, पण घाटातून तेही नको. बिजागरी तुटली असेल तर माल भरायच्या आधी वेल्डिंग करा. आमचं तासाभराचं काम निघालं. परत आल्यावर चुलतभावाने स्वतः उभं राहून ते करून घेतलं. दोरीचं मात्र अजून मलाच ऐकवतो.