सीटी रिपोर्टमध्ये आतड्याचा टीबी लिहिलाय, छातीचा एक्सरे मात्र साफ आहे. लगेच गोळ्या सुरू कराव्यात का?

तुमच्या भावाच्या रिपोर्टात लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली भिंत जाड, शेजारी नेक्रोटिक, म्हणजे आतून मेलेल्या, गाठी आणि अलीकडचं आतडं फुगलेलं, असं आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे स्कॅन नेहमी वाचतो.

एक्सरेवरून काहीच ठरत नाही. पोटाचा टीबी असलेल्या कितीतरी जणांची छाती साफ असते.

टीबीचा संशय बळावतो तो गाठींमुळे. शिरेतून काँट्रास्ट दिल्यावर गाठीची कड उजळते आणि मधला भाग काळा राहतो, कारण आत पेशी मरून पनीरसारखा लगदा झालेला असतो, तिथे रक्त पोचत नाही. क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात, गाठी सहसा अशा नसतात. तिथे आतडं तुकड्यातुकड्याने, बऱ्याच लांबीपर्यंत जाड होतं. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, भिंत खूप जाड होऊनही आतडं सहसा अडत नाही. पण या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि सीटीत जंतू दिसत नाही. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर गोळ्यांआधी कोलोनोस्कोपी करून तुकडा घ्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. गोळ्या आधी सुरू झाल्या की पुढे तुकड्यातून निदान लागणं अवघड होतं. उलट क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो पसरतो.

तुकडे घेताना एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा: सगळे फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या द्रवात, टाकणार आहात का? फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. काही तुकडे साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी जायला हवेत. आतड्यात जंतू थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. पोटात पाणी असेल तर तेही तपासतात.

आतडं अर्धवट अडलेलं असताना पोट साफ करायचं औषध घरी परस्पर देऊ नका. आधी सलाइन आणि नाकातून नळी घालून ते मोकळं होतंय का, हे पाहिलं जातं, पुष्कळदा होतं. पण उलट्या थांबत नसतील, गॅसही सरत नसेल किंवा पोट कडक लागत असेल, तर त्याच दिवशी सर्जनकडे न्या. अशा वेळी सीटीत आम्ही आतड्याबाहेर हवा आहे का, म्हणजे आतडं फुटलंय का, आणि भिंत काँट्रास्ट घेतेय का, हे आधी बघतो. भिंत उजळत नसेल तर तिचा रक्तपुरवठा तुटत चाललाय.

ऑपरेशन लागेल का, हे आखडलेल्या जागेवर ठरतं. नुसती सूज असेल तर ती औषधाने उतरते. व्रणाचा कडक पट्टा झाला असेल तर औषधाने सुटत नाही. रिपोर्टात अशा जागा किती आणि कुठे, हे लिहिलंय का बघा. लहान जागा सीटीत सुटूही शकतात.

उपचार साधारण ६ महिन्यांचे, सरकारी केंद्रात औषधं मोफत. निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नोंद झाली की नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. मधल्या काळात ताप गेला, वजन वाढलं, पण जेवल्यावर कळा पुन्हा सुरू झाल्या, तर औषध लागू पडत नाही म्हणून ते बंद करू नका. जखम भरताना जागा आणखी आखडू शकते. तेव्हा पुन्हा स्कॅन करून सर्जनला दाखवा.